आधी हाड, मग दात

माझ्या तोंडात जन्माने आलेले कायमचे दात सात. वर चार, खाली तीन. बाकीचे किडले नाहीत, पडले नाहीत, कुणी पाडलेही नाहीत. ते आलेच नाहीत. हे सांगितलं की समोरचा आधी तोंडाकडे बघायचा आणि मग विचारायचा, "लहानपणी गोड लई खाल्लास का बे?" आता सगळं बसवून झाल्यावर कुणी विचारत नाही, त्यामुळे निवांत लिहितो.

आजाराचं नाव हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसिया. पोटातल्या बाळाच्या अगदी बाहेरच्या थरापासून त्वचा, केस, घामाच्या ग्रंथी आणि दातांचे अंकुर तयार होतात. 'ईडीए' नावाच्या जनुकात बिघाड असला की या सगळ्यांतच उणं राहतं. केस विरळ, लाळ कमी, घाम जवळपास नाही, दात मोजके आणि आलेच तर टोकदार. लोकांना दात दिसतात, पण जिवावर बेततं ते घामाचं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि घाम न येणाऱ्या पोराचं अंग आतून तापत राहतं. मला दर उन्हाळ्यात ताप यायचा आणि दर वेळी टायफॉइड समजून औषधं सुरू व्हायची. ओला टॉवेल अंगावर टाकून पंख्याखाली बसवलं की हा ताप उतरतो, हे आईने आपलं आपणच शोधलं. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, त्यामुळे दुसऱ्या प्रतीच्या टॉवेलांना घरात तोटा नव्हता.

माझा मामाही असाच होता. तिशीतच म्हातारा दिसायचा. कडक भाकरी आमटीत चुरून, ती पार गळेपर्यंत थांबून मग खायचा. भर दुपारी शेतात जायचा नाही म्हणून गाव त्याला आळशी म्हणायचं. असा मामा डोळ्यांसमोर असताना माझ्या बाबतीत मात्र घरच्यांना ग्रहणाचं कारण सापडलं. आईने पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, असं आजीने एकदा ठरवलं आणि मग ते आमच्याकडे कायमचंच झालं. मग मामाच्या वेळी कुणी काय चिरलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

आईमागचं ते ग्रहण सोडवलं आमच्या दातांच्या मॅडमनी. माझे दुधाचे दातही चार-दोनच होते. शाळेत जायला लागल्यावर त्यांनी ओपीजी काढायला लावला. या एका फोटोत वरचा-खालचा सगळा जबडा सरळ पसरलेला दिसतो. एरवी त्या वयात दुधाच्या दातांखाली कायमच्या दातांचे अंकुर रांगेने दिसायला हवेत. माझ्या फोटोत तिथे नुसतं करडं हाड होतं. मॅडमनी फोटो बाजूला ठेवला आणि आईला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा आ करा बघू." आईचा वरचा एक दात निमुळता होता आणि त्याच्या जोडीचा दुसरा नव्हताच. तिला वाटायचं, कधीतरी पडला असेल.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स, म्हणून एक बिघडला तरी दुसरा बरंच सांभाळून घेतो. तिच्यात एखादा टोकदार दात, थोडे विरळ केस, इतकंच दिसतं. पुरुषाकडे एकच एक्स. तो बिघडलेला मिळाला की सगळा आजार दिसतो. अशा बाईच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आई तो कागद घडी करून घरी घेऊन आली आणि आजीच्या पुढ्यात ठेवला. आजीला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण भाजीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पुढे मी स्वतः वाचायला लागलो तेव्हा कळलं की खुद्द चार्ल्स डार्विनने १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत लिहून ठेवली आहे. चार पिढ्यांत दहा पुरुष. वरचे-खालचे मिळून पुढचे चार बारके दात आणि मागच्या आठ दाढा, अंगावर केस फार कमी, तरुणपणीच टक्कल आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून होणारे हाल. मुलींना काही होत नाही, पण त्यांच्या मुलग्यांमध्ये ते उतरतं, हेही त्याने टिपलं होतं. जनुक हा शब्दच तेव्हा नव्हता. आमच्या मामाचं वर्णन इतकं बारकाईने कुणीच केलं नसेल.

लहानपणी माझ्यासाठी उपाय म्हणजे कवळी. अशा मुलांना तीन-चार वर्षांचे असल्यापासून कवळी देतात, म्हणजे चावायला आणि बोलायला शिकता येतं. माझी जरा उशिरा झाली. जबडा वाढेल तशी ती घट्ट होते, मग नवी करायची. त्यात माझ्या तोंडात लाळ कमी आणि कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्याच पातळ थरावर. त्यामुळे 'स' आणि 'श' आले की माझी कवळी सुटायची. आमच्या गावात 'सिद्धेश्वर' म्हटल्याशिवाय कुणाचा दिवस जात नाही, ही माझी पंचाईत.

कॉलेजात गेल्यावर मला घाई झाली. मित्रांनी कुठेतरी जाहिरात पाहिली होती, एका दिवसात पक्के दात. मॅडम म्हणाल्या, अजून थांब. कारण सरळ होतं. खरा दात जबड्याबरोबर वाढतो, खाली उतरतो, पुढे सरकतो. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात घालायचा धातूचा स्क्रू. तो हाडाला चिकटून बसतो, जिथे घातला तिथेच राहतो. वाढत्या वयात घातला तर आजूबाजूचं सगळं पुढे जातं आणि तो मागे बुडाल्यासारखा दिसतो. खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्या काही मुलांना अगदी पुढच्या भागात लवकर घालतात, पण तो अपवाद. म्हणून माझ्या जबड्याचे बाजूने काढलेले एक्स-रे ठरावीक काळाने एकमेकांवर ठेवून पाहायचे आणि वाढ थांबली असं दिसलं की मगच पुढचं बोलायचं, असं ठरलं.

इम्प्लांटचा इतिहासही आमच्यासारख्यांपासूनच सुरू होतो. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं की टायटॅनियम हाडात घातलं तर हाड त्याला घट्ट धरून ठेवतं. १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा ज्याला असे दात बसवले, तो योस्टा लार्सन नावाचा माणूस जबड्यात जन्मजात दोष आणि दात कमी असलेलाच होता. त्याचे ते इम्प्लांट चाळीस वर्षं टिकले. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, आपण रांगेत शेवटी नाही.

वाढ थांबल्यावर सीबीसीटी काढला. हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. त्यात खरी गोष्ट समोर आली. मला वाटत होतं, माझ्याकडे दात नाहीत. प्रत्यक्षात दात आणि हाड दोन्ही नव्हते. दात धरणारं हाड दाताबरोबरच घडतं, दात उगवला नाही की ते हाडही तयार होत नाही. नुसती पातळ धार उरते. माझ्या वरच्या जबड्यात ती काही ठिकाणी दोन-तीन मिलिमीटर रुंद होती. साधा इम्प्लांटच साडेतीन-चार मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हाड हवं ते वेगळं. शिवाय वर मागच्या बाजूला सायनस, म्हणजे गालाच्या आतली हवेची पोकळी, खाली उतरलेली आणि खाली ओठाला संवेदना देणारी नस. म्हणजे जागा लांबीलाही नाही आणि रुंदीलाही नाही.

इथून पुढचं नियोजन पुण्यात झालं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, संध्याकाळच्या हुतात्माने परत यायचं. तिथे दात बसवणारे, दात सरकवणारे आणि जबड्याची शस्त्रक्रिया करणारे असे तीन डॉक्टर एका टेबलावर बसले. हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी एका ठिकाणी मला 'दोन स्क्रू आत्ता घालू, बाकी पुढे बघू' असं सांगितलं होतं. पुण्यात उलट्या टोकापासून सुरुवात झाली. आधी मेणात सगळे दात लावून बघितले, शेवटी तोंडात काय आणि कुठे हवंय ते ठरवलं. मग ते दात कुठल्या इम्प्लांटवर उभे राहतील आणि त्यासाठी हाड कुठे वाढवायचं, असं मागे मागे येत गेले.

जबड्याचा प्रश्न वेगळाच निघाला. माझा वरचा जबडा मागे, हनुवटी पुढे, ओठ बाहेर वळलेले. सर्जननी ले फोर शस्त्रक्रिया समजावून सांगितली. वरचा जबडा नाकाच्या खालच्या रेषेत कापून मोकळा करायचा, पुढे आणायचा आणि छोट्या पट्ट्यांनी पक्का करायचा. ऐकूनच माझे हातपाय गार पडले. पण दात बसवणारे डॉक्टर म्हणाले, आधी उंची देऊन बघू. दात नसले की तोंड मिटताना खालचा जबडा प्रमाणाबाहेर वर जातो आणि वर जाताना पुढेही येतो. म्हणजे माझी पुढे आलेली हनुवटी काही अंशी खरी होती आणि काही अंशी नुसती जास्त मिटल्यामुळे दिसणारी. त्यांनी उंच केलेली तात्पुरती कवळी दिली आणि काही महिने घालायला लावली. पहिले काही दिवस कानापुढचे स्नायू रात्री ठणकायचे. पण चेहरा लांब झाला, हनुवटी मागे गेली आणि वरचा जबडा कापायची गरज नाही असं तिघांचं एकमत झालं. सगळ्यांचं असं होत नाही. तिथेच भेटलेल्या धाराशिवच्या एका मुलाचं ते ऑपरेशन करावं लागलं होतं. त्याच्या चेहऱ्यातला फरक बघून मला थोडा हेवाही वाटला.

मधल्या काळात तारांनी माझे वरचे दोन पुढचे दात सरळ करून जवळ आणले. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. तारा टोचतात.

हाड लावायचं ऑपरेशन मुद्दाम थंडीत घेतलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी मी आधीच बोललो होतो आणि हा आजार असलेल्या प्रत्येकाने बोलावं. भुलेखाली अंगाचं तापमान सतत मोजत राहायला लागतं. त्यात घाम आणखी कमी करणारी काही औषधं भुलेच्या वेळी सर्रास वापरली जातात, ती आमच्या बाबतीत विचार करून द्यावी लागतात. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

हाड कंबरेतून घेतलं. तिथून काढलेल्या छोट्या फळ्या वरच्या जबड्यावर बारीक स्क्रूंनी बसवल्या, फटींमध्ये हाडाचा चुरा भरला आणि सायनसचा पडदा वर उचलून खालीही भरला. मला भीती तोंडाची होती. तोंड फारसं दुखलं नाही. सुजलं भरपूर, डोळ्याखाली काळंनिळं झालं, नाक शिंकरायला बंदी. दुखली ती कंबर. खाटेवरून उतरताना, जिना चढताना, खोकताना. ही गोष्ट मला कुणी नीट सांगितली नव्हती, म्हणून सांगतो.

त्यापेक्षा अवघड गेलं ते कवळीविना राहणं. लावलेल्या हाडावर दाब आला तर ते विरघळतं, त्यामुळे हिरडी भरून येईपर्यंत काहीच घालायचं नाही. मी एका कारखान्यात हिशेब बघतो, तिथे मास्क लावून बसायचो. घरी भाताची पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, ताक. त्याच दिवसांत गड्ड्याची जत्रा आणि हुरड्याचा हंगाम. मित्र शेतावरून फोन करायचे, "काय खाऊलालास बे?" पेज, म्हणून सांगितलं की पलीकडे एकदम गप्प व्हायचे.

हाड मुरायला चार-सहा महिने जातात. तेवढ्यात उन्हाळा आला म्हणून आम्ही पावसाळ्यापर्यंत थांबलो. इम्प्लांट घालणं त्या मानाने सोपं होतं. फक्त तेवढ्या जागेला भूल, तोंडात घरघर आणि डोक्यात थरथर. मेणाच्या दातांवरून बनवलेली एक साचेपट्टी हिरडीवर ठेवून तिच्या भोकांतूनच ड्रिल करतात, त्यामुळे दिशा चुकत नाही. मग पुन्हा काही महिने वाट. हाड धातूला धरतं ते या काळात.

खालचा एक धरला नाही. वरची टोपी घट्ट करायला गेले तर पूर्ण इम्प्लांटच फिरला. डॉक्टरांनी शांतपणे तो काढला, जागा भरून येऊ दिली आणि नंतर थोडा जाड घातला. असं काही टक्के रुग्णांत होतंच, त्यात कुणाचा दोष नसतो. पण हातात दिलेला तो बारका स्क्रू बघून मला त्याच्या किमतीचीच आठवण आली.

किंमत सांगायलाच हवी. मला एका इम्प्लांटला वरच्या दातासकट २५ ते ४० हजारांच्या दरम्यान भाव सांगितले गेले, कंपनीप्रमाणे. हाडाचं ऑपरेशन वेगळं. माझ्या आरोग्य विम्यात अपघात सोडून दातांचा उपचार बसत नव्हता आणि जन्मजात म्हटल्यावर तर बोलणंच खुंटलं. वडिलांची भिशी, पतसंस्थेचं कर्ज आणि माझी बचत, असं करत टप्प्याटप्प्याने भरलं. उपचार लांबतो याचा हा एक फायदा, हप्ते पाडता येतात.

आधी प्लास्टिकचे तात्पुरते दात बसवले, उंची आणि उच्चार तपासायला. माझे सात दात ठेवले. त्यांना वेगळ्या टोप्या केल्या आणि इम्प्लांटवरचे पूल, म्हणजे एकमेकांना जोडलेले दात, वेगळे. खरा दात मुळाशी किंचित हलतो, इम्प्लांट हलत नाही, म्हणून शक्यतो दोघांना एका पुलात बांधत नाहीत. शेवटी बसवलेले पक्के दात झिर्कोनिया नावाच्या कडक सिरॅमिकचे. रंग निवडताना मी सगळ्यात पांढरा दाखवला. आई म्हणाली, "शाळेतल्या खडूसारखे दिसतील." तिच्या पसंतीचा, जरा पिवळट रंग घेतला आणि तेच बरं झालं.

चावायला मला पुन्हा शिकावं लागलं. खऱ्या दाताच्या मुळाभोवती जे बारीक तंतू असतात त्यांच्यामुळे किती जोरात चावतोय ते कळतं. इम्प्लांटला ते नसतात. घासात खडा आला तर माझ्या खऱ्या दाढेला लगेच कळतो, शेजारच्या नव्या दाढेला कळतच नाही. गालही बऱ्याचदा चावला. शेंगा चटणीचा कूट पुलाखाली जाऊन बसतो, त्यासाठी बारीक ब्रश आणि पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र घेतलंय. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी बिघडून हाड झिजू शकतं आणि मावा-तंबाखू खाणाऱ्याचं ते लवकर झिजतं. कारखान्यात मला मावा देऊ करणाऱ्यांना मी आता जबड्याचा हिशेब सांगतो.

नातेवाईक अधूनमधून बातम्या पाठवतात. जपानमध्ये दात पुन्हा उगवणाऱ्या औषधाची माणसांवर चाचणी २०२४ साली सुरू झाली, औषध मुख्यतः जन्मजात दात नसलेल्यांसाठी. आणखी एक बातमी मला जास्त मोठी वाटते. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलं की गर्भजलात प्रथिनाचं इंजेक्शन दिल्यावर हाच आजार असलेल्या जुळ्या मुलांना जन्मानंतर घाम येऊ लागला. घाम! माझे दात आले, पण मे महिन्यात मी अजूनही ओला टॉवेल मानेवर टाकूनच ऑफिसला जातो.

हे इंजेक्शन आपल्याकडे कधी मिळेल ते मिळेल, पण त्यासाठी पोटातल्या बाळाला आजार आहे हे आधी कळावं लागतं आणि आईला ती वाहक आहे, म्हणजे बिघडलेलं जनुक तिच्याकडे आहे, हे त्याच्याही आधी. माझं गणित पक्कं आहे. मला मुलगे झाले तर त्यांना काही नाही, मुली झाल्या तर सगळ्या वाहक. धाकट्या बहिणीचं मात्र निम्मं-निम्मं. तिचे सगळे दात जागच्या जागी आहेत, पण तेवढ्यावरून सांगता येत नाही. तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा घरात सूर निघाला, आत्ता कशाला तपासायचं, स्थळं येईनाशी होतील. तिने कुणाला न विचारता जनुकतज्ज्ञांची वेळ घेतली आणि माझा अहवाल मागितला, कारण माझ्या जनुकात नेमका बिघाड कुठे आहे ते माहीत असलं की तिच्यात तेवढंच शोधता येतं. नमुना गेलाय. अहवाल यायचा आहे. आईने तिला विचारलं, काय यावं असं वाटतं? ती म्हणाली, "काही येऊ दे. येणाऱ्या स्थळाला मीच सांगणार, तुम्ही मध्ये बोलायचं नाही."